नस जुळली, तरी बोट बोटाला ओळखत नाही: हाताच्या इजेनंतर मेंदूत काय घडतं

प्रश्न येवल्याहून आला आहे. विचारणारे पैठणी विणतात, वय ३४. आठ महिन्यांपूर्वी खिडकीची काच फुटून उजव्या मनगटाशी खोल कापलं आणि मीडियन नर्व्ह पूर्ण तुटली. त्याच रात्री नाशिकला आणून ऑपरेशन झालं, नस जोडली. ते लिहितात: "डॉक्टर म्हणतात नस चांगली जुळली आहे, मशीनवरही करंट जातोय. मग अंगठ्याला काही लागलं की मधल्या बोटात का कळतं? रेशमाची तार आणि जरीची तार चिमटीत धरून फरक कळत नाही, डोळ्यांनी बघावं लागतं. रेशीम बोटावरून सरकलं की मुंग्यांचा लोंढा येतो. घरचे म्हणतात डोक्याचा एमआरआय करून घे. हे दुखणं हाताचं आहे की डोक्याचं? आणि आता नुसती वाट बघायची का?"

दादा, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: वाट बघू नका. तुमच्या बोटांना या घडीला सगळ्यात जास्त गरज आहे ती रोजच्या शिकवणीची. एमआरआयची गरज नाही, तुमच्या मेंदूत कसलाही आजार नाही. पण जे होतंय त्याचा मोठा भाग मेंदूत होतोय, हे खरं आहे. नाशिकमध्ये हातांच्या उपचाराचं काम करताना मला तेवीस वर्षं झाली. नस जोडलेल्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या माणसाने मला हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मनगटातली मीडियन नर्व्ह म्हणजे एक तार नाही, हजारो बारीक तंतूंची जुडी आहे. अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची बाजू, एवढ्या भागाची तळव्याकडची जाणीव या जुडीतून वर जाते. करंगळीची नस वेगळी, अल्नर. हाताच्या पाठीवर अंगठ्याच्या बाजूला तिसरी, रेडियल. ही तीन नावं लक्षात ठेवा, पुढे लागतील.

आता तुमच्याच मागावरचं उदाहरण घ्या. जुना ताणा संपत आला की नव्या ताण्याची एकेक तार जुन्या तारेला जोडतात. माणूस तासन् तास मान खाली घालून बसतो, कारण एक तार चुकीच्या तारेला जोडली तर फणीतून पुढे येणारं सगळं कापड चुकतं. सर्जनला हे करता येत नाही. मायक्रोस्कोपखाली केसाहून बारीक टाक्याने ते जुडीचं बाहेरचं आवरण जोडतात, आतले गठ्ठे समोरासमोर येतील एवढं बघतात. आतला प्रत्येक तंतू आपापल्या जोडीदाराला बांधणं कुणाच्याच हातात नाही. कितीही निष्णात सर्जन असला तरी नाही. तिथून पुढे तंतू स्वतः वाढतात. तुटलेल्या जागेच्या खालचा भाग आधी गळून जातो, रिकाम्या नळ्या उरतात आणि वरून येणारा प्रत्येक कोंब मिळेल त्या नळीत शिरतो. पूर्वी अंगठ्याच्या टोकाला जाणारा तंतू आता मधल्या बोटात पोचू शकतो. दाब सांगणारा तंतू थरथर ओळखणाऱ्या कातडीत जाऊन बसू शकतो. काही तंतू टाक्याच्या जागीच अडकून राहतात, काही कधीच वर येत नाहीत.

वाढीचा वेग साधारण दिवसाला एक मिलिमीटर. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत सोळा-सतरा सेंटिमीटर धरा, सुरुवातीचे काही आठवडे तंतूंना टाका ओलांडायलाच लागतात. म्हणजे सहा-सात महिने. तुमच्या आठ महिन्यांत ते टोकापर्यंत आलेले असणार. मशीनवर करंट दिसतोय तो याचमुळे. डॉक्टर खोटं सांगत नाहीत. पण मशीन एवढंच सांगतं की संदेश वर जातोय. तो कुणाच्या नावाने जातोय, हे मशीनला कळत नाही.

तो जातो कुठे ते आता बघू. बोटाच्या कातडीतून निघालेला स्पर्शाचा संदेश दंडातून वर मानेतल्या मज्जारज्जूत शिरतो आणि त्याच बाजूने वर चढत मेंदूच्या देठातल्या एका ठाण्यापर्यंत जातो. तिथे तो बाजू बदलतो, मग थॅलॅमस नावाच्या मधल्या ठाण्यावर थांबतो आणि शेवटी मेंदूच्या पृष्ठभागावरच्या एका पट्टीत पोचतो. तुमचा उजवा हात, म्हणजे डाव्या मेंदूतली पट्टी. मॉन्ट्रियलमध्ये वाइल्डर पेनफिल्ड आणि एडविन बोल्ड्री यांनी ऑपरेशनच्या वेळी जाग्या असलेल्या रुग्णांच्या मेंदूला विजेचा हलका स्पर्श करून या पट्टीचा नकाशा काढला आणि १९३७ मध्ये तो छापला. एका जागी स्पर्श केला की रुग्ण म्हणे, अंगठ्यात काहीतरी झालं. शेजारी केला की पहिलं बोट. या नकाशात पाठीला चिमूटभर जागा आहे आणि हाताला, ओठांना ऐसपैस. अंगठ्याच्या पलीकडे चेहरा सुरू होतो. बोटं ओळीने, प्रत्येकाचं घर ठरलेलं.

ही घरं कायमची असतात, मोठ्या माणसाच्या मेंदूत बदल होत नाही, असं फार वर्षं मानलं जात होतं. १९८३ च्या सुमारास मायकेल मर्झेनिक, जॉन कास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांवर नेमका तुमचाच प्रसंग तपासला. मीडियन नर्व्ह कापली, पुन्हा जुळू दिली नाही आणि मेंदूतल्या हाताच्या पट्टीत एकेका बिंदूवर बारीक इलेक्ट्रोड टेकवून पाहिलं. अंगठा आणि पहिल्या दोन बोटांची जागा गप्प पडायला हवी होती. ती गप्प राहिली नाही. काही भाग लगेचच हाताच्या पाठीवरच्या स्पर्शाला उत्तर देऊ लागला आणि पुढच्या काही आठवड्यांत उरलेली बहुतेक जागा शेजाऱ्यांनी, म्हणजे रेडियल आणि अल्नर नसांच्या कातडीने, व्यापली.

'लगेच' हा शब्द मला या सगळ्यात सर्वात मोलाचा वाटतो. इतक्या कमी वेळात नवी वायर वाढू शकत नाही. म्हणजे शेजाऱ्याच्या वायरी तिथे आधीपासून होत्या, फक्त दाबून ठेवलेल्या होत्या. मेंदूत एका घराचा आवाज दुसऱ्यात जाऊ नये म्हणून गाबा नावाचं रसायन पहारा देत असतं. मूळ मालकाचा आवाज बंद झाला की पहारा ढिला पडतो आणि शेजारचा कुजबुजणारा आवाज स्पष्ट ऐकू येतो. जुने दुवे पक्के होणं, नवे कोंब फुटणं हे पुढच्या आठवड्यांत आणि महिन्यांत होतं.

तुम्ही पहिले चार-पाच महिने म्हणत असाल की बोटं मेलेली आहेत. त्या काळात मेंदू स्वस्थ बसलेला नव्हता. तुमच्या अंगठ्याच्या घरात दुसरं कुणी राहायला आलं होतं.

बदल फक्त वरच्या पट्टीत होत नाही. मज्जारज्जू, मेंदूच्या देठातलं ठाणं, थॅलॅमस, सगळीकडे थोडी थोडी उलथापालथ होते. यात आपल्याकडचंही महत्त्वाचं काम आहे. हरियाणात मानेसरला राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे. तिथे नीरज जैन आणि त्यांच्या गटाने मज्जारज्जूतला स्पर्शाचा मार्ग तुटलेल्या माकडांवर वर्षानुवर्षं काम केलं. अशा माकडांत चेहऱ्याचा स्पर्श हाताच्या पट्टीत पोचू लागतो. २०१४ मध्ये त्यांनी दाखवलं की या मोठ्या बदलाचं मूळ वर मेंदूच्या पृष्ठभागावर नसून खाली देठातल्या ठाण्यात आहे. खालच्या ठाण्यात थोडी मिसळ झाली की वरच्या मोठ्या नकाशात ती पसरून दिसते. दारणा नदीच्या वरच्या अंगाला पाणी गढूळ झालं की खाली कितीतरी गावांना ते गढूळच मिळतं, तसंच हे.

आता तुमच्या अंगठ्याचं कोडं.

मर्झेनिक आणि कास यांच्या गटाने माकडांवर आणखी दोन गोष्टी तपासल्या. पहिल्या प्रयोगात नस तोडली नाही, नुसती चेपली. चेपलेल्या नसेतले तंतू आतून तुटतात पण त्यांच्या नळ्या शाबूत राहतात, त्यामुळे प्रत्येक तंतू आपल्याच जुन्या घरी परत जातो. अशा माकडांच्या मेंदूतला नकाशा पुन्हा होता तसा झाला. शेजारी निघून गेले, मालक परत आला. दुसऱ्या प्रयोगात नस पूर्ण कापून टाक्यांनी जोडली, अगदी तुमच्यासारखी. जाणीव परत आली, मेंदूतली जागाही बऱ्यापैकी परत मिळाली, पण नकाशा फाटका निघाला. अंगठ्याचा एक तुकडा इथे, एक तिथे, मध्येच मधल्या बोटाचा ठिपका, कुठे एकाच बिंदूवर दोन बोटं. हे काम १९८६ मध्ये प्रसिद्ध झालं आणि माझ्या मते नस तुटलेल्या प्रत्येक माणसाला ते समजावून सांगायला हवं.

तुमच्या अंगठ्याला स्पर्श होतो. तिथून निघालेले काही तंतू पूर्वी मधल्या बोटाचे होते. मेंदू जुन्या यादीप्रमाणे नाव वाचतो आणि म्हणतो, मधलं बोट. त्याची चूक नाही. ३४ वर्षं ती यादी बरोबर होती. रेशीम आणि जर यांतला फरकही असाच हरवतो. तारेचा गुळगुळीतपणा, जरीचा किंचित खरखरीतपणा, तिचा थंडावा हे एकाच तंतूतून कळत नाही. शेकडो तंतूंच्या एकत्र ठेक्यातून मेंदू ते ओळखतो. ठेका बदलला, वाजवणारे कमी झाले, काही दुसऱ्याच जागी बसले. ऐकणाऱ्याला सूर परका वाटणारच.

मुंग्यांचा लोंढा आणि रेशमाचा त्रास हा थोडा वेगळा भाग आहे. नवे कोंब कच्चे असतात, हलक्या स्पर्शानेही भडकतात. शिवाय नस तुटल्यावर मज्जारज्जूतली संदेश पुढे देणारी केंद्रं फार संवेदनशील होतात. साधा स्पर्श तिथून वेदनेच्या किंवा झटक्याच्या रूपात पुढे जातो. क्लिफर्ड वूल्फ यांनी १९८३ मध्ये दाखवून दिलं की दुखणं टिकवून धरणारा हा बदल नुसता कातडीत नाही, मज्जारज्जूतही होतो. पण सगळीच झिणझिण वाईट नसते. मनगटापासून बोटांकडे टिचकी मारत जा. जिथे करंटसारखी झिणझिण होते ती जागा महिन्यागणिक बोटाच्या टोकाकडे सरकत असेल तर ती वाढीची खूण आहे. ती जागा टाक्यापाशीच अडकून बसली असेल, तिथे बोट लावलं की जीव जातो असं होत असेल, किंवा अंगठा तळव्यापासून उचलून करंगळीकडे नेण्याची ताकद अजून मुळीच परतली नसेल, तर सर्जनना लवकर दाखवा. स्नायूंना वर्ष-दीड वर्षापलीकडे थांबता येत नाही.

कच्चा स्पर्श आधी येतो आणि बारीक स्पर्श मागाहून, हे एका माणसाने स्वतःच्या हातावर तपासलं. लंडनचे डॉक्टर हेन्री हेड यांनी १९०३ मध्ये स्वतःच्या डाव्या हाताची जाणिवेची नस सर्जनकडून मुद्दाम कापून घेतली आणि जोडून घेतली. मग त्यांचे मित्र डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स कित्येक वर्षं त्यांच्या हातावर सुई, कापूस, थंड आणि गरम नळ्या टेकवत नोंदी करत राहिले. हेड डोळे मिटून बसायचे. आधी आलं ते टोचणं आणि थंडी, तेही पसरट, जागा न कळणारं, नको नको वाटणारं. कापसाचा हलका स्पर्श, अचूक जागा, ही पुष्कळ नंतर आली. त्यावरून त्यांनी काढलेले सगळे निष्कर्ष पुढे टिकले नाहीत, पण नोंदी आजही माझ्या रुग्णांच्या वहीशी जुळतात. म्हणून आज जे अप्रिय वाटतंय ते कायमचं आहे असं धरून बसू नका.

वयाचं स्पष्ट सांगायला हवं. नऊ-दहा वर्षांच्या मुलाची हीच नस तुटून जोडली तर त्याला बहुतेक वेळा पुढे आठवतही नाही कुठला हात होता. मालेगावचा एक मुलगा माझ्याकडे यायचा, मनगटावर काचेचाच घाव. दोन वर्षांनी डोळे बांधून मी त्याच्या हातात खिळा, काडेपेटीची काडी आणि टाचणी दिली. तिन्ही त्याने मी विचारायच्या आत सांगितल्या. त्याच्या नसेतले तंतू मोठ्यांच्या तंतूंपेक्षा शहाणे नव्हते, तेही भलत्या नळ्यांत गेलेच असणार. फरक ऐकणाऱ्याचा होता. स्वीडनमध्ये माल्मोच्या संशोधकांनी अशा माणसांच्या मेंदूची तपासणी इजेनंतर जवळजवळ तीस वर्षांनी केली. लहानपणी इजा झालेल्यांच्या मेंदूचं उत्तर धडधाकट माणसांसारखं होतं. किशोरवयात इजा झालेल्यांचं तसं नव्हतं. लहान मूल नवी भाषा ऐकून ऐकून उचलतं. मोठ्या माणसाला धडे घ्यावे लागतात, पण तोही शिकतो.

मेंदूचा नकाशा नेमका किती बदलतो यावर शास्त्रज्ञांत आजही वाद आहे. हात पूर्ण कापलेल्या माणसांत त्या हाताचं चित्र मेंदूत वर्षानुवर्षं टिकून राहतं, असं इंग्लंडमध्ये टमार मेकिन यांच्या गटाला आढळलं आहे. मी या वादाकडे आशेने बघते. मूळ मालकाच्या घराचे कागद फाटलेले नाहीत. बोटाकडून नीट, पुन्हा पुन्हा, समजेल असा संदेश गेला तर जागा परत मागता येते.

आता माझ्या हातून झालेली एक चूक. सुरुवातीच्या वर्षांत मीही रुग्णांना म्हणायचे, 'जाणीव आली की या, मग व्यायाम शिकवते.' पुस्तकांत तसंच होतं. पंचवटीतल्या एक शाळेच्या बाई होत्या, नस जोडून झालेली. मी त्यांना सात महिने थांबवलं. त्या परत आल्या तेव्हा बोटांना स्पर्श कळत होता, पण त्यांनी तो हात वापरणंच सोडलं होतं. कानातल्या कुडीची फिरकी त्यांना लावता येईना. फिरकी कानामागे असते, तिथे डोळे पोचत नाहीत, सगळं काम बोटांच्या टोकांचं. त्या म्हणाल्या, "मॅडम, रोज सकाळी मुलगी लावून देते." ती फिरकी त्यांना स्वतः लावता यायला पुढे चौदा महिने लागले. त्यातले काही महिने माझ्यामुळे गेले, असं मला आजही वाटतं.

हेच काम लवकर सुरू करायचं असतं, हे माल्मोचे योरान लुंडबोर्ग आणि बिर्गिता रोसेन यांनी आग्रहाने मांडलं. त्याआधी सत्तरच्या दशकात ब्रिटनमध्ये विन पॅरी आणि अमेरिकेत डेलॉन यांनी स्पर्शाच्या शिकवणीची पद्धत बसवली होती, पण ती जाणीव परत आल्यानंतरची. माल्मोच्या मंडळींनी विचारलं, मधले महिने रिकामे का सोडायचे? बोट बधिर असताना मेंदूला डोळ्यांतून आणि कानांतून त्या बोटाची आठवण देत राहायची. आरशासमोर चांगला हात ठेवून त्याला स्पर्श करायचा, आरशात तो दुखावलेला हात वाटतो. बधिर बोटाने गोणपाट घासताना त्याचा आवाज नीट ऐकायचा. त्यांनी तर बोटांवर छोटे मायक्रोफोन असलेला हातमोजा केला होता, घासल्याचा आवाज कानात मोठा ऐकू येईल असा. हा मजकूर वाचणाऱ्या कुणाची नस नुकतीच जोडली असेल तर त्यांनी प्लास्टर निघाल्यावर नाही, पहिल्याच आठवड्यात आपल्या थेरपिस्टना याबद्दल विचारावं.

दादा, तुम्ही त्या टप्प्याच्या पुढे आहात. तुमचं काम असं.

शांत खोलीत बसा, माग बंद, मोबाइल बाजूला. एका वेळी दहा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. सलग तासभर करू नका, मेंदू दमतो आणि दमल्यावर चुकीचंच पाठ करतो. घरातल्या कुणाला पेन्सिलच्या मागच्या रबराने तुमच्या अंगठ्याच्या टोकावर हळूच रेघ ओढायला सांगा. आधी डोळे उघडे ठेवून नीट बघा आणि मनात म्हणा, हा अंगठा. मग डोळे मिटा, पुन्हा तिथेच रेघ. कुठे कळलं ते डाव्या बोटाने दाखवा. डोळे उघडा. चुकलं असेल तर पुन्हा बघत बघत रेघ. सरकता स्पर्श आधी जमतो, एका जागी टेकवलेला नंतर, म्हणून सुरुवात रेघेने. आणि प्रत्येक वेळी तीच रेघ डाव्या अंगठ्यावरही ओढून घ्या, म्हणजे बरोबर उत्तर कसं असतं ते मेंदूला शेजारीच ऐकू येतं. सगळी किमया त्या बघा, मिटा, पुन्हा बघा या फेऱ्यात आहे. नुसतं चोळत बसलात तर मेंदूला चूक कळणार नाही आणि चूक न कळता तो यादी दुरुस्त करणार नाही.

जागा बऱ्यापैकी कळू लागली की पोत. तुमच्यापाशी तर खजिना आहे. रेशीम, जर, सूत, मंगलोरी कौलाचा तुकडा, पॉलिश पेपर. आधी खूप वेगळे दोन घ्या, कौल आणि रेशीम. ते डोळे मिटून दहापैकी आठदा बरोबर आले की जवळचे दोन, सूत आणि रेशीम. रेशीम आणि जर अगदी शेवटी, तिथे पोचायला महिने लागतील. मग वस्तू: परातीत ज्वारी घ्या, त्यात एक रुपयाचं नाणं, सुपारी, कांडी, बटण लपवा आणि शोधून न बघता नाव सांगा. ज्वारी जमली की बाजरी, मग मूग.

रेशमाच्या मुंग्यांसाठी क्रम उलटा. जे सहन होतं तिथून सुरुवात, बहुतेकांना घट्ट दाब आणि जाड कापड चालतं, हलका स्पर्श चालत नाही. जाड टॉवेल, मग जुनं धोतर, मग मलमल, मग रेशीम. दोन-दोन मिनिटं, दिवसातून पाच-सहा वेळा. हात झाकून ठेवू नका, झाकलेल्या हाताला कापडाची, वाऱ्याचीसुद्धा भीती बसते. झटके झोप मोडत असतील तर डॉक्टर प्रीगॅबॅलिन किंवा अमिट्रिप्टिलिनसारखं औषध देतात. ते मज्जारज्जूतली ती भडकलेली केंद्रं शांत करायला असतं, नुसतं झोपेचं औषध नसतं, म्हणून मनाने बंद-चालू करू नका. उलट बी-ट्वेल्व्हच्या गोळ्या लोक वर्षानुवर्षं घेतात. रक्तात कमतरता असेल तर जरूर घ्या, पण मेंदूची यादी गोळीने बदलत नाही.

एक गोष्ट तुम्हाला कुणीतरी सांगेल म्हणून लिहिते. माल्मोच्याच गटाने मनगटाच्या वर, कोपराकडच्या भागावर, बधिर करणारं मलम लावून बघितलं आणि बोटांची जाणीव काही काळ सुधारली. कारण तेच: शेजारी गप्प झाला की हाताला मेंदूत जागा मिळते. हे मी काही रुग्णांना शिकवणीच्या आधी वापरते, पण माझ्यासमोर आणि मोजून. दुकानातून आणून घरी लावू नका.

जपण्याचंही सांगते, कारण हे विसरलं जातं. स्पर्श आला तरी गरम कळायला आणि हात मागे घ्यायला तुम्हाला उशीर होतो. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोगाच्या हातांवर काम करताना हेच दाखवलं होतं: बोटं आजाराने गळून पडत नाहीत, वेदना न कळल्यामुळे रोजच्या चटक्यांनी आणि जखमांनी झिजतात. थंडीत आपल्याकडे निफाड-येवल्याच्या बाजूला पारा किती खाली जातो ते तुम्ही जाणता. नस जुळलेली बोटं थंडीत दुखतात, पांढरी पडतात आणि माणूस शेकोटीजवळ हात नेतो. गेल्या हिवाळ्यात दोन जण बोटांवर फोड घेऊन आले होते, दोघांनाही फोड दिसल्यावरच कळलं. हातमोजे घाला. चहाचा ग्लास, तवा, आंघोळीचं पाणी यांचा अंदाज डाव्या हाताने घ्या.

मागावर केव्हा बसायचं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण मनात तेच असणार. आताच बसा, फक्त पैठणीच्या पदरावर नको. साधी सुती पट्टी लावा, धोटा उजव्या हाताने फेका, तार तुटली तर उजव्याच चिमटीने जोडायचा प्रयत्न करा, डोळे उघडे ठेवून. रोज अर्धा तास. जो हात कामात असतो त्याचंच मेंदू ऐकतो. त्या शाळेच्या बाईंच्या बोटांना मी शिकवलं त्याहून जास्त त्यांच्या खडूने आणि पोळपाट-लाटण्याने शिकवलं.

किती सुधारेल? बोटाच्या टोकावर एकाच वेळी टेकवलेली दोन टोकं सहा मिलिमीटरपेक्षा कमी अंतरावरही वेगळी कळणं हे धडधाकट बोटाचं माप. तुमच्या वयाला तुटलेल्या नसेनंतर तिथपर्यंत क्वचितच कुणी पोचतं, हे तुमच्यापासून लपवणार नाही. पण सुधारणा दोन वर्षांनी थांबते असं जे म्हणतात ते मी पाहिलेलं नाही, चौथ्या-पाचव्या वर्षातही वस्तू ओळखणं वाढत राहिलेले रुग्ण माझ्याकडे आहेत. अंगठ्याचा स्पर्श मधल्या बोटात कळणं बहुतेकांचं आधी कमी होतं. मग एक दिवस असा येतो की खिशातली किल्ली न बघता काढली हे माणसाच्या संध्याकाळी लक्षात येतं.

नाशिकला फेरतपासणीला याल तेव्हा सोबत रेशीम, जर आणि सुताचे वीतभर तुकडे आणा, आणि वहीत रोजचे दहापैकी किती बरोबर आले ते लिहून आणा, चुकलेलेही. कुठलं बोट कुठल्या बोटाच्या नावाने कळतं, ते हाताचं चित्र काढून बाणाने दाखवा. त्या चित्रावरून पुढचे धडे ठरवू.